खारपाणपट्ट्यात गोडं पाणी : आमची वाटचाल

आमचं मूळ दुकान अकोल्यातलं, मोटार रिवाइंडिंगचं. सबमर्सिबल पंप जळाला की शेतकरी टेम्पोत टाकून आणायचे, आम्ही भरून द्यायचो. पंप खोलला की तो कुठल्या अंगाचा आहे हे वडील लगेच सांगत. पातूर-बार्शीटाकळीकडचा असला तर आत नुसता गाळ. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडचा असला तर आतून पांढरा थर, बोल्ट खाऊन बारीक झालेले, कॉलम पाइपचे आटे गेलेले. "खारपाणातला हाय," एवढंच म्हणून ते कामाला लागत. त्या भागातली गिऱ्हाइकं दर दोन वर्षांनी परत येत. धंद्याच्या दृष्टीने हे बरंच होतं म्हणा. पण त्याच बोअरचं पाणी ती माणसं पीतही होती.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा गाळाचा पट्टा आहे. वर काळी कसदार जमीन आणि खाली खारं पाणी. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. हा खारेपणा जमिनीच्या थरांतलाच. बोअर आणखी खोल नेली म्हणून गोडं पाणी लागेल याचा भरवसा नाही. हे पाणी पिकाला दिलं तर माती चिकट होते, वाळली की दगडासारखी होते. म्हणून विहीर असूनही शेती कोरडवाहू : कपाशी, तूर, मूग, आणि ओल धरून राहिली तर हरभरा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या मीटरवर तीन-चार हजारांचे आकडे सहज दिसतात.

आरओच्या, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात आम्ही दुरुस्तीवाले म्हणून शिरलो. गावोगावी कुठल्या ना कुठल्या निधीतून प्लांट बसले होते. उद्घाटन, नारळ, फोटो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेडला कुलूप. पंपाची माणसं म्हणून आम्हाला बोलावणं यायचं, तर पंप बहुतेक ठिकाणी धड असे. बिघाड पुढे असायचा. अशाच एका प्लांटचं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी गुंडाळलेली पातळ पडदी, आम्ही बाहेर काढलं, तर ते हाताला विटेसारखं जड लागलं. करवतीने कापून उलगडलं, तेव्हा जाळीच्या पदरापदरांत पांढरी खरड बसलेली. तिच्यावर पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकले, तशी ती फसफसली. क्षार बसू नयेत म्हणून थेंबथेंब सोडायचं अँटीस्केलंट असतं. त्याचा कॅन रिकामा झाल्यावर कुणी परत आणलाच नव्हता. यंत्र ज्यानं विकलं त्याचे पैसे मिळून गेले होते, सरपंच बदलले होते आणि ऑपरेटरला पगार कोणी द्यायचा हे कधी ठरलंच नव्हतं.

तिथून आम्ही धंद्याची रीत उलटी धरली. प्लांट विकायचा नाही, चालवायचा. ग्रामपंचायतीने जागा, बोअर आणि वीज जोडणी द्यायची; यंत्र आमचं, देखभाल आमची, आणि आमची कमाई जारमागे. पाणी बंद पडलं तर आमचाच गल्ला रिकामा, त्यामुळे अँटीस्केलंट कोण आणणार हा प्रश्नच उरला नाही. बँकेला हे पटवायला मात्र घाम फुटला. मशीन गावात, मालकी आमची आणि उत्पन्न पाच-पाच रुपयांचं, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी दुकानाची जागा तारण ठेवून पहिली यंत्रं उभी केली.

वीस लिटरला पाच रुपये हा दर ठरला आणि नाण्याने उच्छाद मांडला. जुनं पाचाचं नाणं जाड, नंतरचं पितळी हलकं. मशीन एकाला घ्यायचं, दुसऱ्याला थुंकायचं. लोक वरून बुक्के घालत. शेवटी रिचार्जचं कार्ड आणलं. बायकांना ते फार पटलं, कारण कार्डातले पैसे घरातला दुसरा कोणी परस्पर खर्च करू शकत नाही.

आमचे बहुतेक ऑपरेटर बचत गटातल्या बायका आहेत. कामाला त्या चोख, आणि गावात कोणाच्या घरी लग्न आहे, कधी जास्त पाणी लागेल हे त्यांना आधीच ठाऊक असतं. फिल्टरच्या आधीचं प्रेशर, नंतरचं प्रेशर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि विजेचं रीडिंग त्या रोज वहीत लिहितात. दोन प्रेशरमधला फरक वाढत चालला की फिल्टर तुंबतोय हे आम्हाला अकोल्यात बसून कळतं, बिघाड व्हायच्या आधी.

सुरुवातीला लोकांनी पाणी नाकारलंही. टीडीएस पन्नासच्या खाली नेऊन आम्ही खुश होतो, तर एका आजोबांनी चूळ भरून टाकली. "काय पानी हाय हे, नुस्तं पचपचीत!" जन्मभर खारं प्यालेल्या जिभेला ते पाणीच वाटेना. बायपासचा कॉक किंचित उघडून, म्हणजे थोडं मूळ पाणी मिसळून, आम्ही टीडीएस दीडशे-दोनशेच्या आसपास आणला, तक्रार थांबली. विक्री वाढली ती मात्र तुरीच्या डाळीमुळे. खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, सोडा घालावा लागतो. "काकू, तुमच्या पान्यात दोन शिट्ट्यांत वरन होते," ही बातमी ऑपरेटरकडून आळीत पसरली, आणि आमच्या छापील पत्रकांनी जे केलं नव्हतं ते आठवड्याभरात झालं.

पत्रकावरून आठवलं. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच आहेत आणि त्याचा संबंध पाण्याशी जोडला जातो. 'किडनी वाचवा' असं छापा, धंदा दुप्पट होईल, असं अनेकांनी सुचवलं. आम्ही छापत नाही. निदान करणं डॉक्टरांचं काम आहे. आम्ही फक्त मीटरवरचा आकडा बोर्डावर लिहितो.

दुसरी एक गोष्ट आरओवाले सहसा बोलत नाहीत, ती टाकाऊ पाण्याची. इतक्या खाऱ्या पाण्यात एक लिटर शुद्ध काढायला जवळपास तेवढंच बाहेर जातं, आणि ते मूळ पाण्याच्या दुप्पट खारं असतं. शेतात सोडलं तर जमीन गेली. आम्ही त्याची वेगळी टाकी ठेवतो. शौचालयाला आणि फरशी धुवायला लोक नेतात. उरलेल्याला वाट नसेल तर त्या गावाला आम्ही नाही म्हणतो. अशी गावं नाराज होतात, आणि तिथं दुसरं कोणी तरी प्लांट बसवतंच.

आता धंद्याचं पुढचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून तेल्हारा-अकोटकडे नळाचं पाणी येतं, आणि २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठरलं आहे. धरणाचं पाणी गोडं. त्याला आरओ लावणं म्हणजे वीज आणि पाणी दोन्ही वाया. अडचण असते ती पाइपलाइनची. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आणि सांधे निखळतात. जिथं नळ नियमित झाला तिथं आमची विक्री घसरली, आणि तिथली यंत्रं आम्ही स्वतःहून उचलली. सांगाडा आणि पंप तेच, मेम्ब्रेन नवं घालून ती सध्या दर्यापूरकडच्या गावांत बसवतो आहोत. तिथल्या ग्रामपंचायतींशी करार पाच वर्षांचा आहे, आणि नळाचं पाणी रोज येऊ लागलं तर तो मुदतीआधी संपवायचं कलम आम्हीच घालून घेतलं आहे.