सत्तावीस मैलांचं पत्र

मार्चमध्ये घरी एक पाकीट आलं, खाकी, खिडकीवालं, ज्यात कधीच चांगली बातमी नसते असलं. अमुक मंगळवारी सकाळी ८.४१ ला तुमची गाडी २० च्या रस्त्यावर २७ ने चालली होती, चालवत कोण होतं ते २८ दिवसांत कळवा. मी म्हटलं तू असशील. बायको म्हणाली मंगळवारी पोराला शाळेत कोण सोडतं? विषय संपला.

आम्ही कार्डिफला राहतो, वेल्समध्ये. हे २७ म्हणजे मैल हां, आपल्या हिशोबाने ४३ किलोमीटर. पुण्यात ४३ ने कार चालवली तर मागचा हॉर्न वाजवून वाजवून जीव खाईल, आणि इथे त्याचं पत्र येतं!

झालं असं की १७ सप्टेंबर २०२३ ला वेल्सने वस्तीतल्या रस्त्यांचं डिफॉल्ट लिमिट ३० वरून २० मैलांवर आणलं. डिफॉल्ट म्हणजे काय, तर रस्त्यावर ठरावीक अंतरात दिव्यांचे खांब असतील आणि वेगळी पाटी नसेल तर २० धरायचं. आधी उलटं होतं, २० हवं असेल त्या गल्लीत पाट्या लावत बसायचं. आता ज्या रस्त्याला ३० ठेवायचंय तिथे कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, कारण द्यायचं आणि पाट्याही लावायच्या. मला यातली गंमत बरेच दिवस कळलीच नव्हती, की आकडा बदलला त्याहून जास्त बदललं ते हे, की परवानगी आता जोरात जाणाऱ्याला मागावी लागते.

लोक भडकले, म्हणजे प्रचंडच भडकले. निर्णय मागे घ्या म्हणून जी ऑनलाइन याचिका निघाली तिच्यावर साडेचार लाखांहून जास्त सह्या, आणि अख्ख्या वेल्सची लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास. काही ठिकाणी रातोरात पाट्यांवर काळा रंग फासला. आमच्या शेजारचे आजोबा, एरवी कुंपणावरून टोमॅटोची रोपं देणारा अतिशय गोड माणूस, तेही म्हणायचे की गाडी सेकंडमध्ये रडते, थर्डमध्ये मरते. मीही त्यांच्यात होतो, खोटं कशाला बोलू. बाबा इथे आले होते तेव्हा बाजूच्या सीटवर बसून म्हणाले, अरे तो सायकलवाला पुढे गेला बघ, आणि खरंच गेला होता.

दंड नको असेल तर कोर्स करायचा पर्याय असतो, नाहीतर १०० पौंड आणि लायसन्सवर शिक्षेचे ३ पॉइंट. मी कोर्स घेतला. लॅपटॉपसमोर जवळजवळ तीन तास, आठ-दहा अपराधी, आणि शिकवणाऱ्या बाई कमालीच्या शांत. त्यांनी इथल्या हायवे कोडमधलं, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकातलं, एक कोष्टक दाखवलं जे लायसन्सच्या परीक्षेला मी घोकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. २० मैलांना गाडी थांबायला १२ मीटर, ६ तुमचं डोकं चालेपर्यंत आणि ६ ब्रेकचे. ३० ला २३ मीटर, ९ आणि १४. मग त्या म्हणाल्या, समजा १२ मीटरवर मूल रस्त्यात आलं. २० वाला थांबला. ३० वाल्याने तोवर किती ब्रेक दाबलाय? मी गणित केलं, ९ मीटर तर नुसतं बघण्यातच गेले, उरले ३. म्हणजे गाडी जवळजवळ पूर्ण वेगात पोचली. वेग दीडपट, पण हिशोब दीडपट नाहीये. आणि ८.४१ ला त्या रस्त्यावर कोण असतं, तर दप्तरवालीच पोरं.

तरी सगळे २० ने चालवतात असं अजिबात नाही. मोजणी झाली तेव्हा सरासरी वेग साधारण ४ मैलांनीच उतरला होता, म्हणजे कित्येक जण अजून वरच आहेत, आणि पत्रंही २६ च्या खाली सहसा येत नाहीत. पण होतं काय, की दहातला एक जरी २० ने चालला तरी एकाच लेनच्या रस्त्यावर मागच्या नऊ जणांना तसंच जावं लागतं. पत्र आल्यापासून तो एक मी आहे. मागचे काय बोलत असतील ते आरशात दिसतं.

आपल्याकडे कायदा नाहीये का? आहे की. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२, राज्य सरकार गॅझेटमध्ये काढून आणि पाटी लावून एखाद्या रस्त्याचं लिमिट कमी करू शकतं. नाहीतर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीत कारला कमाल ७० किलोमीटर आणि दुचाकीला ६० आहे. सत्तर! पुण्यातल्या आमच्या गल्लीत सत्तरने रिक्षा नाही, वाराही जात नाही. मग पाटीवर कुणाचा विश्वास नसतो आणि लोक आपला उपाय आपण करतात, तो म्हणजे ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे २५ च्या वेगाला अलगद चढावा-उतरावा. आमच्या गल्लीतला कुणीतरी रस्त्याचं काम चालू असताना उरलेल्या डांबराचा घालून घेतलाय, पाऊलभर रुंद, उंची विचारू नका, आणि पांढरे पट्टे नाहीत.

मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा बाबांची स्कूटर काढली आणि नव्या सवयीने तीसच्या आत, अगदी कडेने, मनात कोष्टक घोकत चाललो होतो. मागून दोन जण ओव्हरटेक करून गेले, त्यांनी त्या जागी बरोबर ब्रेक मारला कारण त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. पिशवीतले चार आंबे रस्त्यावर आणि मी जवळजवळ हँडलवर. घरी आल्यावर बाबा म्हणाले, किती होतास? म्हटलं अठ्ठावीस. म्हणाले, तिथे दहाने जातात रे.