घटस्फोटानंतरही एकाच बँडमध्ये

बिग थीफ या अमेरिकन इंडी फोक बँडची गाणी मी आधी ऐकली आणि त्यांची गोष्ट मला नंतर कळली, हे बरंच झालं. एड्रियन लेंकर गाणी लिहिते आणि गाते, बक मीक गिटार वाजवतो. दोघं नवरा-बायको होते. २०१८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, बँड मात्र टिकला. पुढच्याच वर्षी त्यांचे एक सोडून दोन अल्बम आले!

त्यातल्या 'टू हँड्स'वर माझा विशेष जीव. तो टेक्सासच्या वाळवंटातल्या स्टुडिओत, चौघांनी एकत्र वाजवत, बराचसा थेट रेकॉर्ड केलाय. 'नॉट' हे सहा मिनिटांचं गाणं घ्या. अर्ध्यानंतर शब्द संपतात आणि एड्रियनची गिटार अक्षरशः ओरडायला लागते. बाकीचे तिघं तिला आवरत नाहीत, गडबडून मागेही पडत नाहीत. तिला हवं तितकं भडकू देतात आणि ताल धरून उभे राहतात. आमच्या घरात कुणी आवाज चढवला की दुसरा लगेच उठून जायचा, त्यामुळे असेल, मला ही साथ गाण्याहूनही मोठी वाटते.

'मिथॉलॉजिकल ब्यूटी' हे २०१७ चं गाणं मी जरा जपूनच लावते. एड्रियनच्या आईने अगदी लहान वयात एक मूल दत्तक दिलं होतं. या गाण्यात ती आईशी बोलते, आणि कधीही न भेटलेल्या त्या मोठ्या भावाची आठवण काढते. रक्ताचा भाऊ अनोळखी, आणि ज्याच्याशी काडीमोड झाला तो शेजारी गिटार घेऊन उभा! नात्यांचा हा हिशेब कुठल्याही वंशावळीत बसणार नाही.

अर्थात, निवडलेलं कुटुंब म्हणजे कायमचं कुटुंब असं काही नसतं. बासवादक मॅक्स ओलिआर्चिक २०२४ मध्ये बाहेर पडला. २०२५ चा 'डबल इन्फिनिटी' उरलेल्या तिघांनी बरेच पाहुणे वादक जमवून केला, त्यात लराजीसारखे ज्येष्ठही आहेत. अल्बम चांगला आहे, मोकळा आहे. पण मला त्यात घरापेक्षा समारंभ जास्त ऐकू येतो. नव्याने ऐकणाऱ्यांनी 'टू हँड्स'पासूनच सुरुवात करावी. आणि हेडफोन लावूनच, फोनच्या स्पीकरवर बास पार गायब होतो.