सेक्टर १, ब्लॉक ८, दार ५

नवी मुंबईत पत्ता सांगायला शब्द फारसे लागत नाहीत. सेक्टर, प्लॉट, घराचा आकडा, की रिक्षावाला मान हलवतो. पुण्याहून पहिल्यांदाच नेरूळला आलेला पाहुणा मात्र नाक मुरडतो. पेठ नाही, बोळ नाही, कोपऱ्यावर मारुती नाही, हा कसला पत्ता! अशा पाहुण्याला पॉम्पेई सांगावं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या, इटलीतल्या या रोमन शहरात घर शोधायचं तर असंच शोधावं लागतं. शहराचे नऊ विभाग, विभागात ब्लॉक, ब्लॉकमध्ये दारांना आकडे. अर्थात हे आकडे तिथल्या रहिवाशांनी टाकले नव्हते. एकोणिसाव्या शतकात उत्खननाची सूत्रं हाती असलेल्या ज्युसेप्पे फिओरेल्लीने ते टाकले. आपल्याकडे सिडको आधी आली आणि माणसं मागून; तिथे माणसं गेली आणि सिडको अठराशे वर्षांनी आली.

पॉम्पेई आता वाशी-नेरूळच्या गप्पांत वरचेवर येतं, ते क्रूझमुळे. निवृत्तीनंतरची मोठी सहल म्हणून भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सफर ठरते आणि तिच्यात एक दिवस नेपल्स असतं. पत्रकावर ‘सकाळी ७ ते संध्याकाळी ६’ छापलेलं असतं, म्हणून ते अकरा तास वाटतात. ते अकरा नसतात. जहाज धक्क्याला लागून उतरायला परवानगी मिळेपर्यंत आणि शिडीवरची रांग सरेपर्यंत आठ वाजतात. दुसऱ्या टोकाला, सुटायच्या अर्धा ते एक तास आधी ‘सगळे जहाजावर’ची वेळ असते. खरी वेळ ती. म्हणजे पाच. तिथून उलटं मोजत यायचं : पाचला जहाज, तीनला नेपल्स, सव्वादोनला पॉम्पेईहून गाडी. मधले दोन तास काहीही न करण्यासाठी राखून ठेवायचे, कारण इटलीत गाडी रद्द होणं आणि संप होणं या दोन्ही गोष्टी कुणाला धक्का वगैरे देत नाहीत. हातात उरतात साडेचार तास. पाय त्यातले तीन टिकतात.

जहाजाकडूनच बसची सहल घेतली तर महाग पडते, पण ती बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतंत्र गेलेल्यांसाठी ते थांबेलच असं नाही. राहिलात, तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. यात भारतीयांनी एक गोष्ट घरूनच पाहून निघावं. सफर इटलीतून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीस किंवा इटलीत येणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा (मल्टिपल एंट्री) लागतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तुर्कस्तानच्या बंदरावर संपलेला असतो.

स्वतः जाणं नवी मुंबईकराला जड नाही, कारण मधला प्रवास लोकलचा आहे. गाडीचं नाव चिर्कुमव्हेसुव्हियाना, म्हणजे व्हेसुव्हियसला वळसा घालणारी. जवळजवळ सगळे गारिबाल्दी स्टेशनात चढतात आणि उभ्याने जातात. गाडी सुटते मात्र एक स्टेशन अलीकडून, पोर्ता नोलानाहून, आणि धक्क्यावरून चालत यायला तेही अर्ध्या तासावरच आहे. सकाळी सीटसाठी नेरूळहून उलटं पनवेलला जाणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. गाडी सोरेंतोची धरायची. प्रवास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची, इथे घेतो तशीच. उतरायचं ‘पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला, स्कावी म्हणजे उत्खनन. नुसतं ‘पोम्पेई’ वाचून दुसऱ्या मार्गाच्या गाडीत बसलेला माणूस आजच्या पोम्पेई गावात, चर्चच्या बाजूला उतरतो. तिथूनही अवशेषांत जाता येतं, पण शहराच्या विरुद्ध टोकाने, आणि हातातला नकाशा उलटा धरावा लागतो.

स्कावीला उतरलं की पोर्ता मरीना हे दार काही पावलांवर आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रोजच्या पर्यटकांवर २० हजारांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून नावाचा पुरावा जवळ हवा. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरहून मोठी पिशवी दाराशीच ठेवून घेतात. महिन्याचा पहिला रविवार टाळावा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो.

आत गेल्यावर पहिली गाठ पडते दगडांशी. रस्ते काळ्या लाव्ह्याच्या फरश्यांचे. झिजून गुळगुळीत झालेले, शिवाय उंचसखल. स्लीपर, कोल्हापुरी, नव्या कोऱ्या बुटांचा पहिला दिवस, यांतलं काहीही चालणार नाही. सावली जवळपास नाहीच. पाणी मात्र भरपूर : रस्त्यांच्या तोंडाशी असलेल्या जुन्या दगडी हौदांपैकी काहींना आता पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली भरताना हौदाचा काठ पाहावा. पाण्यासाठी वाकताना लोक जिथे हात टेकत, तिथे दगडात खळगा पडला आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पोर्ता मरीनाचा चढ सोडून पियाझ्झा अँफितियात्रोच्या दाराने जावं. तिथून अडथळे काढून केलेला, तीन किलोमीटरहून लांब मार्ग सुरू होतो.

रस्त्यात मध्येच मोठे उंच दगड रोवलेले दिसतात. त्यांच्यावर उभं राहून फोटो काढतात, पण आधी त्यांचं काम ओळखावं. रस्त्यावरून सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहायचं. पाय न भिजवता या फुटपाथवरून त्या फुटपाथवर जाण्यासाठी ते दगड. जुलैत सोसायटीच्या गेटबाहेर पाणी तुंबलं की विटा टाकून जी वाट करतात, तिचाच हा पक्का अवतार. दोन दगडांत अंतर एवढं, की गाडीची चाकं मधून जावीत. त्या चाकांच्या चाकोऱ्या फरशीत खोल उतरल्या आहेत. ‘चाकोरीबद्ध’ हा शब्द आपण इतका गुळगुळीत केला आहे की खरी चाकोरी पायाखाली आली तर क्षणभर कळत नाही.

तीन तासांत सगळं शहर होत नाही. ६६ हेक्टरांतला दोन-तृतीयांश भाग उघडा केलेला आहे, बाकीचा अजून मातीखालीच. बहुतेक सहली चौक, स्नानगृह आणि भिंतींवरच्या शृंगारचित्रांसाठी गाजलेलं वेश्यागृह दाखवून माघारी फिरतात. आपण फिरू नये. चौकातून पूर्वेला जाणारा व्हिया देल्लाब्बोंदान्झा हा हमरस्ता धरावा. ब्लॉकच्या कोपऱ्यांवर रोमन आकड्यांतल्या पाट्या आहेत. तिठ्यावर उभं राहून त्या वाचायची सवय आपल्याला आहेच. विभाग १ सुरू झाला की ब्लॉक ८ शोधायचा. खूण म्हणजे दार ८ : एक खानावळ. एल आकाराचा ओटा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, मागच्या भिंतीवर रंगवलेला देव्हारा. देवांमध्ये व्यापाराचा देव मर्क्युरी आहे, हातात पैशांची थैली घेऊन. एका रांजणात सुमारे १,४०० नाणी सापडली. गल्ला ठेवून मालक पळाला असावा, आणि त्याला बहुधा परत येता आलं नाही.

त्याच ब्लॉकमधलं दार ५ हे ‘भारतीय मूर्तीचं घर’. ते उघडं असेलच असं नाही. बंद असलं तरी बाहेर दोन मिनिटं थांबावं. इथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक बाहुली मिळाली, वीतभराहून थोडी मोठी, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन सेविका. नाव पडलं ‘पॉम्पेईची लक्ष्मी’. आता अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यात एक भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा मेजाचा पाय असावी असा तर्क आहे. कुठे घडली यावर एकमत नाही. तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. पण तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी मिळाल्या आहेत त्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदनला.

रोमनांना हा माल स्वस्त पडत नव्हता. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. वाशीच्या मसाला मार्केटात मिरीच्या पोत्यांजवळून जाताना हे वाक्य आठवलं तर हसू येतं. प्लिनी आरमाराचा प्रमुख होता. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि खाडीपलीकडे स्ताबियाईला मेला.

अडचण एवढीच, की लक्ष्मी पॉम्पेईत नाही. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तीही ‘गुप्त दालन’ म्हणवणाऱ्या, रोमन शृंगारवस्तूंच्या खोलीत. धक्क्याजवळच्या मुनिचिपियो स्टेशनातून मेट्रोने तिसरं स्टेशन, म्युझिओ. मंगळवारी बंद. एका दिवसात पॉम्पेई आणि संग्रहालय दोन्ही करणारे असतात. त्यांना दोन्हींतलं काही आठवत नाही. पहिल्या खेपेला पॉम्पेई करावं. ज्यांनी ते आधी पाहिलं आहे किंवा ज्यांच्याने चालवत नाही, त्यांनी गाडीच्या फंदात न पडता सरळ संग्रहालयात जावं. पॉम्पेईतली उत्तमोत्तम भित्तिचित्रं उचलून तिथेच आणलेली आहेत, आणि वर छप्पर आहे.

बाहुली कोणत्या बंदरातून गेली हेही ठाऊक नाही. भरुच असेल, सोपारा असेल, कल्याणही असेल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरची ही तिन्ही बंदरं आहेत. कल्याणबद्दल तीत एक इशारा आहे : तिथला व्यापार आता अडवलेला असून, चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जातात. म्हणजे ज्यांच्या व्हिसासाठी आज आपण बँकेची कागदपत्रं जोडतो, त्यांना तेव्हा कल्याणच्या धक्क्यावर पाय ठेवणंच अवघड होतं.