दहाव्या जागेवरून आठ मॉक ड्राफ्ट

फॅन्टसी फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून कागदावर टीम बांधायची आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. बारा टीमची लीग, स्नेक ड्राफ्ट (निवडीचा क्रम दर राउंडला उलटतो), फुल पीपीआर (प्रत्येक झेलाला एक गुण), टीममध्ये एकच क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा). यंदा माझी जागा दहावी ठरली आहे, म्हणून आठही मॉक (सरावाचे ड्राफ्ट) तिथूनच केले. टियरची (साधारण सारख्या दर्जाच्या खेळाडूंच्या गटांची) यादी मागच्या नोंदीत होती तीच आहे. ती वाचायची पद्धत मात्र बदलली.

दहाव्या जागेला पिक (निवडीच्या पाळ्या) येतात 10, 15, 34, 39, 58 आणि 63. म्हणजे 10 आणि 15 च्या मध्ये चारच पिक, आणि तेही दोनच टीमचे: अकरावी नि बारावी, प्रत्येकी दोन. उलट 15 पासून 34 पर्यंत मध्ये अठरा खेळाडू उचलले जातात. हे गणित मला पाठ होतं, पण ते वापरायला सहावा मॉक उजाडला.

त्यात 58 वर माझी पाळी आली तेव्हा दुसऱ्या टियरमधला शेवटचा क्वार्टरबॅक शिल्लक होता, आणि मला हवा असलेला एक वाइड रिसीव्हरही (झेल घेणारा). एरवी क्वार्टरबॅक उचलून मोकळा झालो असतो. घड्याळात चाळीस सेकंद होते, म्हणून माझ्यानंतरच्या दोघांचे, अकराव्या नि बाराव्या टीमचे, रोस्टर (खेळाडूंच्या याद्या) उघडले. दोघांकडेही क्वार्टरबॅक आधीच होता, आणि एकाच क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये सहाव्या राउंडपर्यंत दुसरा घ्यायला सहसा कोणी धजावत नाही. मी रिसीव्हर घेतला. पुढच्या चार पिकमध्ये दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), एक टाइट एंड, एक रिसीव्हर गेले. 63 वर माझा क्वार्टरबॅक जागच्या जागी होता! तेव्हापासून जोडपिकच्या (58-63 सारख्या जवळच्या दोन पिकच्या) वेळी मी आधी त्या दोन टीमच्या रिकाम्या जागा बघतो, मग माझी यादी.

लांबच्या अंतरात हा डाव चालत नाही. 15 किंवा 39 वर एखाद्या टियरमध्ये दोनच नावं उरली असतील, तर अठरा पिकनंतर तिथलं कोणी मिळेल असं मी धरतच नाही.

पहिल्या राउंडला माझा कल रिसीव्हरकडे आहे. कारण पीपीआर. 2024 मध्ये जामार चेसने 127 झेल, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन केले. नुसत्या रिसीव्हिंगचे फुल पीपीआरमध्ये 399.8 गुण होतात. झेलाचा गुण काढला तर 272.8. त्याच हंगामात सेक्वॉन बार्कलीने धावून 2,005 यार्ड काढले, त्यामुळे रनिंग बॅक टाळा असं मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी क्रिस्टियन मॅकॅफ्री बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि चारच सामने खेळू शकला. पहिला पिक असा गेला की पुढचा सगळा हंगाम वेव्हरवर (कोणी न घेतलेल्या खेळाडूंवर) काढावा लागतो.

म्हणूनच बेंचवर आता मी भरवशाचे, मध्यम गुणांचे खेळाडू ठेवत नाही. 2023 मध्ये रिसीव्हर पुका नकुआ कितीतरी लीगमध्ये ड्राफ्टच झाला नव्हता, आणि त्या रुकीने (पहिल्याच हंगामातल्या खेळाडूने) 1,486 यार्ड काढले. शेवटचे पिक अशा नावांवर लावायचे. किकर आणि डिफेन्स अगदी शेवटच्या दोन राउंडला.

आता चार मॉक चौथ्या जागेवरून करणार आहे. तिथे 21 आणि 28 च्या मध्ये सहा पिक आणि तीन टीम येतात. साठ सेकंदांत तीन रोस्टर वाचून होतात का, तेवढं बघायचं आहे.