फोंग न्यात ऑक्टोबर: खोली घेण्याआधी भिंतीवरची रेघ बघा

सोमवारी सकाळी साडेअकराला, म्हणजे पुण्यात दहाला, माझी रोजची मीटिंग चालू होती आणि बाहेर को तांदळाची पोती जिन्यावरून वर नेत होत्या. को म्हणजे व्हिएतनामीत आत्या. घरमालकिणीला मी पहिल्या दिवसापासून तशीच हाक मारत होते. मीटिंग अर्धवट सोडून बाहेर आले तर पाऊस थांबलेला. रस्त्यावर मुलं सायकली चालवत होती. को नदीकडे हात करून म्हणाल्या, "नुअक लेन." पाणी चढतंय. रात्री नऊला माझ्या खोलीत घोटाभर पाणी होतं, पहाटे कमरेएवढं.

हे सगळं लिहितेय कारण मला कोणी हे सांगितलं नव्हतं. "गुहांच्या गावात राहा, नदीकाठी बसून काम करा, वायफाय पुण्यापेक्षा वेगवान" असं मी फोंग न्याबद्दल वर्षभर वाचत आणि बघत होते. ऑक्टोबरबद्दल दोन ठिकाणी मुद्दाम विचारलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: थोडा पाऊस असतो, पर्यटक कमी असतात, भाडं उतरतं. भाडं उतरतं हे खरं आहे. का उतरतं ते मला राहून कळलं.

फोंग न्या मध्य व्हिएतनाममध्ये, लाओसच्या सीमेजवळ. जुन्या लेखांत प्रांत क्वांग बिन्ह लिहिलेला असेल. १ जुलै २०२५ पासून तो क्वांग त्रीमध्ये विलीन झालाय, फॉर्म भरताना गोंधळू नका. हनोईहून रात्रीच्या रेल्वेने दहा-साडेदहा तासांत डोंग होई, तिथून बसने ४५ किलोमीटर. गाव सोन नदीच्या काठावर आणि मागे चुनखडीचे डोंगर. सगळी मेख या चुनखडीत आहे. आपल्या सह्याद्रीत पाऊस पडला की पाणी डोंगरावरून धबधब्यांनी खाली येताना दिसतं. इथे ते दिसत नाही. सीमेकडच्या डोंगरात पडलेला पाऊस भेगा-विवरांतून जमिनीच्या पोटात जातो आणि फोंग न्या गुहेच्या तोंडातून नदी होऊन बाहेर पडतो. म्हणून गावात कोरडं असताना पाणी चढू शकतं. आभाळाकडे बघून अंदाज बांधायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. गावातली माणसं नदीचा रंग बघतात. हिरवट-निळी नदी चहासारखी झाली की सामान वर न्यायला लागतात. को तेच करत होत्या आणि मी आत बसून मीटिंगमध्ये बोलत होते.

माझी खोली तळमजल्यावर होती, महिना ५५ लाख डोंग, म्हणजे साधारण १८ हजार रुपये. वरची खोली ७० लाखांना होती. तीन महिन्यांचे वाचलेले १५ हजार मला मोठे वाटले. जेवणघराच्या भिंतीवर निळ्या रंगाने दोन आडव्या रेघा मारलेल्या होत्या. एक छातीच्या उंचीवर, शेजारी २०१०. दुसरी माझ्या डोक्याच्याही वर, शेजारी २०२०. अडीच महिने त्या रेघांखाली बसून मी भात खाल्ला आणि एकदाही विचारलं नाही की हे काय आहे.

वीज सोमवारी संध्याकाळी पाचला गेली. पूर आला की धोका नको म्हणून ती बंदच करतात, त्यामुळे "येईल थोड्या वेळात" असं समजू नका. वायफाय तिच्याबरोबर गेलं. व्हिएटेलचं सिम मध्यरात्रीपर्यंत चाललं, मग तेही थांबलं, बहुधा टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असाव्यात. माझ्याकडे लॅपटॉप दोनदा भरेल एवढी मोठी पॉवर बँक होती आणि तिचा मला फार आधार वाटत होता. नेटच नसेल तर भरलेला लॅपटॉप घेऊन करायचं काय? बुधवारी मला एका प्रॉडक्टची सगळी कागदपत्रं द्यायची होती. बुधवारी मी वरच्या मजल्यावर को, त्यांची सून, दोन नातवंडं, सात कोंबड्या आणि एक टीव्ही यांच्याबरोबर बसलेले होते. आईला शेवटचा निरोप गेला होता तो "पाणी आलंय, वर चाललेय" एवढाच, आणि पुढचे ४० तास काही नाही. त्या ४० तासांत तिचं काय झालं असेल ते मला अजून नीट ऐकवत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पुरात दोन दिवस फोन लागणार नाही, त्याचा अर्थ वाईट घ्यायचा नाही. कामाच्या ठिकाणीही हेच. मी नंतर सांगितलं, ते बहाण्यासारखं दिसलं.

कोंच्या घरात कोणी घाबरलेलं नव्हतं हेही लिहायला हवं. वर तांदूळ, सुके मासे, इन्स्टंट नूडल्स आणि पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन तयार होते. मंगळवारी शेजारून होडीतून कोणीतरी गरम पाण्याचा थर्मास देऊन गेलं. मी शाकाहारी आहे हे लक्षात ठेवून माझ्या नूडल्समध्ये मासळीचा रस घातलेला नाही असं सुनेने दोनदा सांगितलं. आमच्या भाषा जुळत नव्हत्या. तरी त्या घराने मला सांभाळलं, आणि मी त्यांच्यासाठी तेवढं काही करू शकले नाही.

आता गाडीचं. भाड्याची सेमी-ऑटोमॅटिक मोटारसायकल तळमजल्यावर उभी होती आणि ती बुडाली. गाडी देणाऱ्याने अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेतला होता. सगळे देतात म्हणून मीही दिला. गुरुवारी पाणी ओसरल्यावर त्याने ८० लाख डोंग मागितले, सुमारे २७ हजार रुपये. त्याच रस्त्यावरच्या मेकॅनिकला विचारलं तर इंजिन उघडून धुणं, तेल बदलणं, प्लग, वायरिंग मिळून सहा-सात लाख म्हणाला. घासाघीस करायला माझ्याकडे वेळ नव्हता, कारण ९० दिवसांचा ई-व्हिसा संपायला सहा दिवस राहिले होते, पासपोर्ट त्याच्या कपाटात होता आणि भारतीय दूतावास ५०० किलोमीटरवर हनोईत. त्याला हे माहीत होतं. ४५ लाखांवर सुटले. एटीएम बंद होतं, तेव्हा ते पैसेही कोंच्या सुनेने उसने दिले. डोंग होईहून दुसऱ्या दिवशी परत केले.

पासपोर्ट कोणालाही अनामत देऊ नका. राहत्या घरी नोंदणीसाठी फोटो काढून परत देतात, तेवढंच. गाडीसाठी रोख अनामत ठेवा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, दुकानं भरपूर आहेत. गाडी घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा आणि पुरात नुकसान झालं तर कोणी भरायचं ते भाषांतराच्या ॲपवर लिहून त्याच्याकडून होकार घ्या. आणि नदीचा रंग बदलला की पहिलं काम म्हणजे गाडी उंच रस्त्यावर नेऊन लावा. गावातल्या लोकांनी सोमवारी दुपारीच नेल्या होत्या.

गाडीबद्दल अजून एक, हे मला तिथे जाऊन दोन महिन्यांनी कळलं. आपलं आरटीओ जे आंतरराष्ट्रीय परमिट देतं ते १९४९च्या जिनिव्हा कराराखालचं. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना कराराखालचं मानतं. म्हणजे आपलं परमिट तिथे चालत नाही. कोणी अडवत नाही म्हणून आपण चालवतो, पण अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला तेवढं कारण पुरे. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही, ती घ्या किंवा सायकल. गावात आणि बोंग लाईच्या भागात सायकल पुरते.

जुलै-ऑगस्ट चांगले गेले. लाओसकडून येणारा कोरडा गरम वारा दुपारी चटके देतो, सकाळी काम करा, संध्याकाळी नदीवर जा. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

गुहांबद्दल मात्र सांगायचंय, कारण त्यांच्यासाठीच हे सगळं सोसावं अशा त्या आहेत. ऑगस्टमध्ये तू लानच्या गुहांत दोन दिवसांच्या मोहिमेवर गेले. तिथे जायचं ते तान होआ गावातून, फोंग न्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या घरांशेजारी पिंपांवर बांधलेली तरंगती घरं आहेत, पूर आला की दोरखंडाला बांधलेलं घर पाण्याबरोबर वर जातं. ऑगस्टमध्ये मी त्यांचे फोटो काढले आणि पुढे गेले. पुरानंतर ती घरं सारखी आठवत राहिली.

तू लानमध्ये गुहेच्या आत पोहावं लागतं. लाइफ जॅकेट, हेल्मेट, डोक्यावर दिवा, आणि समोर काळं पाणी. पहिल्या वीस हातांनंतर मागचं तोंड एका नाण्याएवढं दिसतं. मार्गदर्शकाने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. एवढा अंधार मी राजमाचीच्या काजव्यांच्या रात्रींतही पाहिलेला नाही. फक्त वटवाघळांचा आवाज आणि आपल्याच श्वासाचा. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. पलीकडे दरी उघडते आणि डोळ्यांत हिरवं घुसतं. त्या संध्याकाळी मी ठरवलं होतं की इथे कायमचं राहायचं. त्याच धुंदीत ऑक्टोबरची तिन्ही आठवड्यांची भाडी आगाऊ दिली, म्हणून सांगते, गुहेतून आल्यावर दोन दिवस कुठलाही व्यवहार करू नका.

ज्याने हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय त्याला दम लागायचा त्रास होणार नाही. त्रास दगडाचा होतो. ओला बसाल्ट घसरवतो, इथली चुनखडी कापते. हात टेकला की तळवा सोलून निघतो, हातमोजे हवेतच. बूट मोहिमेची कंपनी देते, पण पाय मोठा असेल तर माप आधी कळवा. वॉटरप्रूफ बूट नेऊ नका, पाणी आत शिरलं की बाहेर येत नाही. जाळीचे, पाणी निथळून जाणारे घ्या. जळवा आहेत, आपल्याकडे भाद्रपदात असतात तेवढ्याच. कॅमेरा आणि फोनला कोरडी पिशवी. पाण्यात तासभर असलात की ऑगस्टमध्येही दात वाजतात. वाट सोडून जंगलात शिरू नका, युद्धाच्या काळात इथे प्रचंड बॉम्बफेक झाली आणि न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात.

सोन डूंगचा विचार करणाऱ्यांना: जगातली सर्वांत मोठी गुहा, खर्च ३ हजार डॉलरच्या घरात, वर्षाला साधारण हजारच माणसं, आणि जानेवारी ते ऑगस्ट एवढाच हंगाम. तेवढे पैसे नसतील तर हांग एन ही गुहा करा, आत वाळूवर तंबूत झोपायला मिळतं. थिएन दुआंग गुहेत लाकडी पुलावरून एक किलोमीटर चालायचं, एका सकाळचं काम आहे आणि सुंदर आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून जंगलातल्या मोहिमा बंद होतात आणि पाणी चढलं की फोंग न्या गुहेच्या होड्याही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये राहणारा माणूस गुहांच्या गावात राहतो आणि गुहा बघत नाही.

काम करायचं असेल तर हे लक्षात घ्या. व्हिएतनाम आपल्यापुढे दीड तास आहे. आपल्या संध्याकाळच्या मीटिंगा तिथे आठ-नऊला येतात, तेव्हा शेजारी कराओके चालू असतो. अमेरिकेशी बोलायचं असेल तर मध्यरात्र होते, आणि पहाटे पाचला गावचा भोंगा बातम्या सुरू करतो. असं दहा दिवस जमतं, तीन महिने नाही. ज्यांचं काम लिहून पाठवायचं आहे त्यांनी यावं, ज्यांचा दिवस मीटिंगांत जातो त्यांनी दा नांग शहरात राहावं आणि इथे सुट्टीला यावं. डिजिटल नोमॅडसाठी वेगळा व्हिसा व्हिएतनामने काढलेला नाही, ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. क्यूआर कोड सगळीकडे दिसतात, पण ते स्थानिक बँक खात्याशी जोडलेले असतात, तेव्हा रोख लागते. आठवडाभराची रोख कायम जवळ ठेवा. शाकाहाऱ्यांनी "चाय" हा शब्द शिकावा, त्याचा अर्थ शाकाहारी, आणि "नुअक माम नको" हेही, नाहीतर पालेभाजीतही मासळीचा रस येतो. मोठं दुखणं निघालं तर डोंग होईचं व्हिएतनाम-क्यूबा रुग्णालय.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी ते एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत कपडे वाळत नाहीत, मे ते ऑगस्ट ऊन. १५ सप्टेंबर ते नोव्हेंबरअखेर काम डोक्यावर असताना अजिबात येऊ नका, भाडं फुकट असलं तरी.

मी फेब्रुवारीत परत जातेय. वरची खोली सांगून ठेवलीय, ७० लाखांची. निघायच्या दिवशी चिखल धुऊन झाल्यावर कोंनी निळा रंग काढला, भिंतीवर ओलीची खूण होती तिथे रेघ मारली आणि ब्रश माझ्या हातात दिला, तारीख लिहायला. ती जुन्या दोन्ही रेघांच्या बरीच खाली आहे.