घड्याळाचा लॉक, नोंद चौथी: सिंक ताजं, फाइल शिळी

सापडलं! दोन विंगांमधल्या बोळात पहाटे तीन-तीन मिनिटं रखडणारा घड्याळाचा जीपीएस लॉक, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा पक्की होणं, काल २२ सेकंदांत लागला, गच्चीवर तर ९ सेकंदांत. मागच्या नोंदीत उपाय म्हणून 'ऑल सिस्टिम्स, ड्युअल बँड' (जीपीएससोबत इतर देशांचे उपग्रहही, तेही दोन फ्रिक्वेन्सींवर) सुचवलं होतं, ते मागे घेतो. त्याने दोष नुसता झाकला जात होता आणि बॅटरी फुकट जात होती. कालचे दोन्ही आकडे साध्या 'जीपीएस ओन्ली'वरचे आहेत.

कोडं असं होतं: पहाटेचा पहिला लॉक दीड ते तीन मिनिटं, पण बंद करून लगेच पुन्हा लावला तर चार सेकंद. 'अँटेना तापायला वेळ लागतो' असं बरेच जण सांगतात, पण तसं काही नसतं. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह स्वतःची नेमकी कक्षा, म्हणजे एफेमेरिस, सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगत असतो. ३० सेकंदांची एक फ्रेम, तिच्यात ६-६ सेकंदांच्या पाच सबफ्रेम, आणि आपल्या कामाचा मजकूर पहिल्या तीनमध्ये. तो घड्याळाकडे आधीच असेल तर काम सेकंदांत होतं. नसेल तर किमान चार उपग्रहांकडून ते १८ सेकंदांचं बोलणं नीट ऐकावं लागतं. एकदा ऐकलेलं साधारण चार तास चालतं. म्हणून दुसरा लॉक चटकन लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मोकळ्या गच्चीवर हे ऐकणं ३०-४० सेकंदांत उरकतं. बोळात मात्र आपण चालत, हात हलवत वाट बघतो. हात खाली गेला की अंग मध्ये येतं, एक सबफ्रेम तुटते, आणि तीच सबफ्रेम परत यायला अख्खे ३० सेकंद जातात. चार उपग्रहांचं असं होत राहिलं की तीन मिनिटं सहज होतात. तेव्हा पहिलं निदान स्टॉपवॉचनेच करा, तेही गच्चीवर, घड्याळाचा चेहरा आभाळाकडे करून आणि न हलता. दहा-बारा सेकंदांत लॉक लागला तर फाइल ठीक आहे. ३०-४० सेकंद लागले तर फाइल नाही किंवा शिळी आहे.

फाइल म्हणजे ईपीओ, पुढच्या सात दिवसांच्या कक्षांचं भाकीत. ते फोनच्या अ‍ॅपमधून घड्याळात उतरतं. अ‍ॅप रोज 'सिंक पूर्ण' म्हणत होतं, आणि सगळा घोळ नेमका तिथेच होता. यूएसबीने जोडून फाइलची तारीख पाहिली तर ११ दिवसांपूर्वीची! पावलं, झोप, हृदयाचे ठोके ब्लूटूथवरून फोनमध्ये व्यवस्थित येत होते. पण ईपीओ आधी नेटवरून फोनमध्ये यावी लागते, आणि बॅटरी सेव्हर अ‍ॅपला बॅकग्राउंडला नेटच देत नव्हता.

आता उपाय. अ‍ॅपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि डेटा सेव्हरमधून अ‍ॅपला सूट द्या. मग अ‍ॅप समोर उघडं ठेवून सिंक करा आणि तारीख बदलली का ते पुन्हा बघा. बदलली नसेल तर जुनी फाइल काढून टाका, घड्याळ रीतसर इजेक्ट करा आणि परत सिंक करा. पूर्ण रीसेट केलं असेल तर घड्याळ १५ मिनिटं मोकळ्या आभाळाखाली स्थिर ठेवा, कारण सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी, म्हणजे अल्मनॅक, यायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

या तपासणीत अर्धा दिवस केबलपायी गेला. स्वस्तातल्या बऱ्याच क्लिप केबल फक्त चार्ज करतात, त्यांत डेटाच्या ताराच नसतात. विकणारा हे सांगत नाही, म्हणून 'डेटा चालतो का' असं स्पष्ट विचारूनच घ्या. केबल बदलूनही घड्याळ दिसेना, तेव्हा ते उलटं करून पाहिलं. मागच्या चार टिकल्यांपैकी एकीवर घामाचं हिरवट कीट बसलेलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश आणि दहा मिनिटं वाळवण एवढ्यावर काम झालं. सुईने खरवडू नका, वरचा मुलामा निघतो आणि मग कीट आणखी लवकर धरतं.

बोळातले २२ सेकंद अजून खुपताहेत. तिथे जीपीएसटेस्ट अ‍ॅपमध्ये बहुतेक उपग्रह २२ ते २७ डीबी-हर्ट्झवर (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जास्त तितका सिग्नल चांगला) दिसतात, गच्चीवर चाळिशीच्या पुढे. एफेमेरिस हाताशी असली की क्षीण सिग्नलवरही भागतं. तोच मजकूर सिग्नलमधून वाचून काढायचा तर सिग्नल जोरदार लागतो. म्हणून फाइलचा खरा फायदा गच्चीपेक्षा बोळातच दिसायला हवा.

ते पडताळायला बोळात रोज पहाटे ५:३० ला, आलटूनपालटून फाइलसह आणि फाइलविना, आठ दिवस मोजायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना लक्षात आलं की ती तुलना चुकली असती. जीपीएस उपग्रहांची मांडणी आपल्या डोक्यावर २३ तास ५६ मिनिटांनी तशीच परत येते, २४ तासांनी नाही. आठव्या दिवशी ५:३० ला आभाळ जवळपास अर्धा तास पुढे सरकलेलं असेल, आणि बोळातून दिसणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत तेवढ्यात एखादा उपग्रह विंगेमागे जातो.

त्यामुळे वेळापत्रक बदललं: सोमवारी ५:३०, मंगळवारी ५:२६, बुधवारी ५:२२, असं रोज चार मिनिटं अलीकडे. आधीच्या चार तासांत घड्याळाचं जीपीएस अजिबात सुरू करायचं नाही, आणि ज्या दिवशी फाइल काढायची त्या दिवशी फोनचं ब्लूटूथ बंद, नाहीतर अ‍ॅप ती गुपचूप परत घालेल. कोणाला समांतर मोजायचं असेल तर जागा आणि विंगेची बाजू बदलू नका, आणि पुढच्या नोंदीसाठी वेळेसोबत फाइलची तारीखही लिहून ठेवा.