मराठी पिक्चर बडोद्यात दुसरा रविवार बघतच नाही

बडोद्यात मराठी पिक्चर लागतो आणि तो कसा आहे हे चार लोकांना कळेपर्यंत उतरलेला असतो. गेलं वर्ष-दीड वर्ष ही गोष्ट मला फार खुपतेय म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय. शुक्रवारी येतो, कुठल्यातरी मॉलमध्ये एकच शो, तोही कधी सकाळी पावणेदहाचा कधी दुपारी सव्वाचारचा, शनिवार-रविवार आपली काही माणसं जातात, सोमवारी सोसायटीत सांगतात की अगं छान आहे, जाऊन ये, आणि ऐकणारी बुधवारी ॲप उघडून बघते तर पिक्चरच नाही.

आणि याच शहरात, याच पडद्यांवर 'लालो'चं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. 'लालो - कृष्ण सदा सहायते' हा गुजराती पिक्चर 10 ऑक्टोबर 2025ला लागला, दिग्दर्शक अंकित सखिया, मोठं नाव म्हणावं असा एकही नट नाही, जुनागढचा एक रिक्षावाला एका फार्महाऊसमध्ये अडकून पडतो आणि तिथे त्याला कृष्ण भेटतो एवढीच गोष्ट. पहिले तीन आठवडे त्याची कमाई लाखांतच होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बेन तेव्हाच बघून आल्या आणि जिन्यातच मला म्हणाल्या, "आंखमां पाणी आवी गयां, तमे जरूर जजो." त्यांनी मला सांगितलं, मंदिरात सांगितलं, सुरतच्या लेकीला फोनवर सांगितलं, आणि अशा हजारो बेननी हजारो जिन्यांत सांगितलं असणार, कारण चौथ्या आठवड्यात तोच पिक्चर एकदम कोटींमध्ये गेला आणि पुढे 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला गुजराती सिनेमा ठरला. मला स्वतःला तो उत्तरार्धात जरा जास्तच उपदेश करतो असं वाटलं, बेनना ते पटलं नाही, त्या म्हणाल्या उपदेश नाही, सांत्वन आहे. असो. पण मुद्दा हा की त्याला ते तीन आठवडे मिळाले. कमी शो होते, पण होते. लोकांना बोलायला वेळ मिळाला.

लोकांचं मत म्हणजे थिएटरच्या दारात माइक पुढे केल्यावर जे बोललं जातं ते, असं आजकाल धरलं जातं. माणूस बाहेर येतोय, डोळ्यांवर अजून अंधार, पोरगं झोपलंय खांद्यावर, आणि कोणी विचारतंय किती स्टार देणार. तो काय सांगणार, एक नंबर म्हणतो नाहीतर बकवास म्हणतो. नोव्हेंबर 2024मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने तर थिएटरवाल्यांना सांगितलं होतं की पहिल्या दिवशी यूट्यूबवाल्यांना आवारात घेऊच नका, या पब्लिक रिव्ह्यूंमुळे पिक्चर पडतात. बंदी घालणं मला मान्य नाही, तिकीट काढलेल्या माणसाला बोलायचा हक्क आहेच, पण खरं मत घरी जाऊन, जेवून, रात्री अंथरुणावर पडल्यावर तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर कुणाशीतरी वाद घालताना पक्कं होतं.

'दशावतार'चंच घ्या. 12 सप्टेंबर 2025, पितृपक्ष चालू, घरोघरी श्राद्धाचे स्वयंपाक, आणि त्याच शुक्रवारी 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' पण आले म्हणजे एका दिवशी तीन मराठी पिक्चर, हे मुंबई-पुण्याला परवडत असेल आम्हाला नाही परवडत. बरं 22 तारखेपासून नवरात्र. बडोद्याचं नवरात्र ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, त्या नऊ रात्री संध्याकाळी पिक्चर बघायला कोण जातंय, अख्खं गाव गरब्याच्या मैदानात असतं, आमच्या घरातले सुद्धा. म्हणजे या पिक्चरच्या हातात उणेपुरे दहा दिवस होते.

आम्ही पहिल्याच शनिवारी गेलो, मी, सासूबाई, आत्या आणि भाचा. दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे, आणि त्यांनी जे केलंय त्यात ते 81चे कुठेही जाणवत नाहीत, जिथे म्हातारपण दाखवायचंय तिथेच फक्त दिसतं. बाबुली मेस्त्री, दशावतारात म्हणजे कोकणातल्या देवादिकांच्या लोकनाट्यात काम करणारा, नजर अधू होत चाललेली, आणि मुलगा म्हणतोय बाबा आता बास करा. तो बाप-लेकाचा सगळा पूर्वार्ध मला अजून आठवतोय. आत्या जन्मापासून इथल्या दांडिया बाजारात, कोकण तिने लग्नकार्यापुरतंच बघितलेलं, ती इंटरव्हलमध्ये विचारायला लागली की हे असं रात्रभर खरंच चालतं का ग? मग सासूबाईंनी सांगितलं, त्यांचं माहेर कुडाळकडचं, की जत्रेला देवळासमोर रात्री सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालायचा, आधी गणपती यायचा, मग संकासुर, बायकांची कामंही पुरुषच करायचे आणि संवाद कुठे लिहिलेले नसायचे, ऐनवेळी सुचेल ते बोलायचे, पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. सासूबाई इतकं सलग बोललेल्या मी फार कमी वेळा ऐकल्यात.

उत्तरार्धावरून मात्र घरी जोरदार भांडण झालं. भाचा म्हणाला शेवटचा भाग ताणलाय आणि व्हीएफएक्स काही ठिकाणी उघडं पडतं. आत्या म्हणाली मला ते काही कळत नाही पण अवतार येतो तेव्हा अंगावर काटा आला. सासूबाईंचं म्हणणं तिसरंच, की जंगल आणि खाणीचा विषय काढलात ना मग तो शेवटपर्यंत खाणीचाच ठेवायचा, सूडाच्या नादात गावातली बाकीची माणसं कुठे गेली. मला सासूबाईंचं पटलं, अजूनही पटतं. हे भांडण रविवारी झालं, सोमवारी मी ते ऑफिसात सांगितलं, तिथल्या दोघी म्हणाल्या आम्ही या शनिवारी जातो, आणि तोपर्यंत आमच्या भागातला शो गेला होता. पलीकडच्या टोकाला एक होता, रात्री साडेदहाचा. त्या गेल्या नाहीत. नंतर ओटीटीवर आला तेव्हा एकीने मोबाइलवर बघितला आणि म्हणाली ठीक आहे ग, तू उगाच एवढं सांगत होतीस. पाच इंचांवर ते जंगल काय दिसणार!

'जारण'च्या वेळी वेगळी मजा आली, त्या वेळी बोलणारे मराठी-गुजराती मिळून होते. जून 2025मध्ये आला होता, हृषीकेश गुप्ते यांचा, अमृता सुभाष आणि अनिता दाते. आमच्याकडे भीतीच्या पिक्चरचं माप 'वश' हेच आहे, कृष्णदेव याज्ञिकांचा 2023चा गुजराती पिक्चर, ज्याचा पुढे हिंदीत 'शैतान' झाला, आणि जानकी बोडीवालाला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तर ऑफिसातला एक गुजराती मित्र माझ्या सांगण्यावरून 'जारण' बघून आला, सबटायटल होते त्यामुळे अडचण नाही आली, आणि म्हणाला यात भीती कमी आहे पण वाईट जास्त वाटतं. मला हे मत फार आवडलं. 'वश'मध्ये बाहेरचा माणूस घरात शिरतो आणि आईबापांसमोर मुलीचा ताबा घेतो, भीती सरळ समोर बसलेली असते, 'जारण'मध्ये नायिका राधाच्या मनात काय आहे आणि खरंच कुणी काय केलंय हे शेवटपर्यंत सुटत नाही. अमृता सुभाषने ते जे पेललंय ते कमालच. याउलट आत्या, ती अर्ध्यातच कंटाळली, म्हणाली एवढी चांगली नटी आणि सारखं तिला रडवतात. हेही मत आहेच.

1 मे 2025ला 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय!' एकाच दिवशी आले. 1 मे म्हणजे गुजरातचाही स्थापना दिवस, आम्हालाही सुट्टी, त्यामुळे बडोद्यातल्या मराठी माणसाला खरं म्हणजे याहून चांगला दिवस नाही, पण समोर हिंदी 'रेड 2' होता आणि मराठीला मिळालेल्या थोड्याशा खुर्च्यांमध्ये आपलीच माणसं दोन पिक्चरमध्ये वाटली गेली. हास्यजत्रेमुळे बरेच जण 'गुलकंद'ला गेले, हसून आले. मला 'आता थांबायचं नाय!'मधली मुंबई महापालिकेच्या चौथ्या श्रेणीतल्या कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी करायची गोष्ट जास्त भिडली, भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनाही असं शांत काम करताना मी आधी फारसं बघितलेलं नाही. आमच्या सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींना मी गोष्ट सांगितली तर त्यांनी पहिला प्रश्न केला, पास झाले का? त्यांना दाखवायचं मनात होतं. राहून गेलं.

आणि मग जानेवारी 2026मध्ये 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम', हेमंत ढोमेचा. मराठी माध्यमाची शाळा वाचवायला तिथे शिकलेली मुलं मोठी होऊन परत जमतात. हा पिक्चर महाराष्ट्रात लोकांनी डोक्यावर घेतला, पण मला वाटतं तो आम्हाला जास्त लागतो. बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळा होत्या, माझी आई त्यातलीच, आत्या त्यातलीच, मी इंग्रजी माध्यमात गेले आणि भाच्याला तर मराठी वाचताना बोट ठेवावं लागतं. आत्या पिक्चरभर काही बोलली नाही. बाहेर आल्यावर सेव-उसळ खाताना म्हणाली की सचिन खेडेकरांसारखे एक मास्तर आम्हाला होते, आणि मग त्यांच्याबद्दल तासभर बोलत राहिली. भाच्याला पिक्चर थोडा भाबडा वाटला, म्हणाला शाळा का बंद पडतात याचं कारण एक खलनायक नसतो, आपणच मुलं घालत नाही. बरोबर आहे त्याचं. पण हे वाक्य त्याने पिक्चर बघितल्यामुळे म्हटलं, एरवी या विषयावर आमच्या घरात कुणी तोंड उघडत नाही.

हाही त्या वेळी हिंदी 'धुरंधर'च्या गर्दीत आला होता, डिसेंबरपासून सगळे पडदे त्याच्याकडे. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं की अरे कालचा शो तर चांगला भरला होता मग काढला का. तो बिचारा काय करणार, म्हणाला मॅडम शो वरून ठरतात. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या त्यावर सोमवारनंतरचं वेळापत्रक होतं. आणि इथेच आमचं गणित चुकतं कारण बडोद्याचा मराठी प्रेक्षक म्हणजे मुख्यतः पन्नाशीच्या पुढचा, तो पहिल्या दिवशी धावत नाही, तो आधी विचारतो कसा आहे, आणि मग मंगळवार-बुधवारी दुपारचं निवांत बघून जातो. त्याचा मंगळवार येईपर्यंत हिशोब संपलेला असतो.

महाराष्ट्रात 2015मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, आधी संध्याकाळी 6 ते 9 म्हटलं होतं मग दुपारी 12 ते रात्री 9 झालं. तिथे निदान भांडायला काहीतरी कागद आहे. इथे कुठला कागद, आणि गुजरात सरकारने मराठीसाठी नियम करावा असं मी म्हणणारही नाही, त्यांनी आधी गुजरातीचं बघावं ते योग्यच. पण दादासाहेब फाळके ज्या गावात कलाभवनात शिकले त्या गावात मराठी पिक्चरला आठवडाभर एक शो टिकू नये हे मला सोसत नाही.

म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलंय की पुढचा मराठी पिक्चर लागेल तेव्हा बुधवारी-गुरुवारी शो दिसायला लागले की लगेच शुक्रवार-शनिवारची तिकिटं एकत्र काढायची, मांजलपूर, दांडिया बाजार आणि कारेलीबाग अशा तिन्ही भागांतल्या लोकांना आदल्या दिवशी फोन करायचे, आणि म्हाताऱ्या माणसांना न्यायला-आणायला गाडी आम्ही बघायची, कारण बऱ्याच जणांचं अडतं ते तिथेच. पिक्चर चांगला असेल की नाही हे आधी माहीत नसणार. वाईट निघाला तर तसं स्पष्ट सांगायचं, आपला आहे म्हणून गोड बोलायचं नाही, मी तरी नाही बोलणार. आत्याला विचारलं येशील का दर वेळी, तर म्हणाली येईन, पण भीतीचा असला तर आधी सांग.